देवळाभोवती मोटारी नकोत, छोटी बस फिरू दे. कोल्हापूरकरांनो, पटतंय का?

गंगावेशकर

गेल्या शुक्रवारी आईला घेऊन अंबाबाईला गेलो होतो. गंगावेशीतून देऊळ म्हणजे तरण्या माणसाला दहा मिनिटांची चाल. आईच्या गुडघ्यांना ती झेपत नाही म्हणून रिक्षा केली. पापाच्या तिकटीला आलो आणि अडकलो. पुढं बाहेरगावची मोटार उलटी वळायला बघत होती, शेजारी माल उतरवणारा टेम्पो, मागं दुचाकींचा लोंढा. रिक्षावाल्या मामांनीच शेवटी सांगितलं, "उतरा आणि चालत जावा, माझं भाडं राहू दे." भाडं दिलं, आईला उतरवलं आणि भिंतीच्या कडेकडेनं नेलं.

येताना शिवाजी चौकातून बसनं आलो. पहिली पायरी आईच्या गुडघ्याच्या वर. तिनं आधी खणा-नारळाची पिशवी आत सरकवली, मग दांडा धरला. मागून मी टेकू दिला आणि आतून एका कॉलेजच्या पोरीनं हात दिला. एकदा बसल्यावर मात्र आई निवांत. खिडकीतून चौक बघत म्हणाली, "हेच जाताना का नाही केलंस?"

त्यावरून माझं म्हणणं मांडतो. दसरा चौक, महापालिका, शिवाजी चौक, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, खरी कॉर्नर, बिनखांबी गणेश मंदिर, रंकाळा स्टँड, गंगावेश, पापाची तिकटी आणि महापालिकेवरून परत दसरा चौक, असा देवळाभोवती गोल फिरणारा मार्ग करावा. त्यावर छोटी, बुटक्या पायरीची बस दर दहा मिनिटांनी सोडावी. महाद्वार रोड, ताराबाई रोड आणि भवानी मंडप परिसर सकाळी दहा ते रात्री नऊ चालणाऱ्यांसाठी ठेवावा. बाहेरच्या मोटारींनी दसरा चौकातच थांबावं. विरोध असेल तर कारण सांगून करा, मला खरंच ऐकायचं आहे.

महाद्वारवाला

माझा विरोध आहे. आमचं कापडाचं दुकान आजोबांपासून महाद्वार रोडला आहे. लग्नाचा बस्ता बांधायला निपाणी, इचलकरंजी, गडहिंग्लजची माणसं येतात. एका घरची दहा-बारा जणं असतात, त्यात म्हातारी माणसं, कडेवर पोरं. जाताना पाच-सहा गठ्ठे. ही मंडळी गठ्ठे घेऊन तुमच्या छोट्या बसमध्ये चढणार? ती सरळ बायपासच्या मॉलमध्ये जातील, तिथं गाडी दारात लागते.

गुजरीच्या सराफ बाजाराचं तर विचारूच नका. पाच तोळ्यांचे पाटल्या-बिलवर घेऊन बाहेर पडलेली बाई बसच्या गर्दीत उभी राहील? तिच्या जागी तुमच्या आईला ठेवून बघा. बाजार मेला की पेठ मरते, भावा. मागं रस्त्याचं एक काम निघालं तेव्हा दोन महिने आमच्या गल्लीत गाडी येत नव्हती. त्या दोन महिन्यांत दोन पोरांना मला कामावरून कमी करावं लागलं. ते अजून डाचतं.

फुलेवाडीतून_रोज

मी सहा वर्षं बसनं ये-जा करते. आधी विद्यापीठाला, आता नोकरीला राजारामपुरीत. मला गाडी नाही आणि घ्यायची ऐपतही नाही. महाद्वारवाला दादा, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे फक्त मोटारीतून येणारा का? महापालिकेच्या थांब्यावर संध्याकाळी साडेसहाला येऊन उभे रहा. हातात कपिलतीर्थच्या भाजीची पिशवी, ब्लाऊजपीसची पुडी, पोराच्या वह्या, सगळं तुमच्याच बाजारातलं असतं. आमची खरेदी शंभर-दोनशेची असते, पण आठवड्यातून चारदा असते.

गंगावेशकर, तुमच्या मांडणीत मला एक उणीव वाटते. गोल फिरणारी बस चांगली, पण फुलेवाडी, कळंबा, आर. के. नगर, कसबा बावडा इकडून येणाऱ्या बसचं काय? आम्हाला एका बसमधून उतरून दुसरी पकडायला लागली आणि दोनदा तिकीट काढायला लागलं, तर ती सोय कुणाची? एकच तिकीट दोन्हीकडं चाललं पाहिजे. मासिक पासही दोन्हीकडं चालला पाहिजे. त्याशिवाय मी पाठिंबा देणार नाही.

तीनचाकी

मी रिक्षा चालवतो, बावीस वर्षं झाली. रागानं लिहित नाही, पोटासाठी लिहितोय. सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेस आली की स्टेशनवरचा भाविक, शुक्रवारची गर्दी आणि सुट्ट्यांतले पर्यटक, यावर आमचं घर चालतं. स्टेशनपासून देऊळ दोन-अडीच किलोमीटर. नेमकं हेच अंतर तुम्ही बसला देऊन टाकताय. गाडीचा हप्ता, विमा, पासिंग, पोरांची फी यातलं काही थांबत नाही.

आणि रिक्षा जिथं जाते तिथं बस जाणार आहे का? मंगळवार पेठेतल्या बोळात, रात्री अकराला, पाऊस कोसळताना बाळंतीण घेऊन सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, कोण जातं? आम्हीच. २०१९ च्या पुरात पाणी लागेपर्यंत माणसं काढत होतो. कोल्हापूरची रिक्षा नटवलेली, स्वच्छ, आत देवीचा फोटो. आमच्या रिक्षा सौंदर्य स्पर्धा बघायला लोक गर्दी करतात. तुमच्या मोटारबंदीत आम्ही मोटार आहोत का, ते आधी सांगा.

निवृत्त_मास्तर

दोन्ही बाजूंना थोडं मागं नेतो. जुनं कोल्हापूर देवळाभोवती वाढलं ते पायी चालणाऱ्यांसाठी आणि टांग्यासाठी. आपल्याकडच्या तिकट्या बघा. तीन वाटा एकत्र येतात आणि मध्ये वाहनाला वळायलाही जागा नसते. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ ला सुरू झाली. त्यानंतर शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती जुन्या गावात न कोंबता स्टेशनच्या बाजूला. मोठी वाहतूक कुठं न्यायची आणि कुठं नाही, याचा विचार या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी झाला होता. आपण तो मोडून चारचाकी थेट गाभाऱ्यापर्यंत आणायचा हट्ट धरलाय.

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानंही हेच धरलं आहे, की रस्त्यावरून गाड्या किती गेल्या यापेक्षा माणसं किती गेली हे मोजावं. एका मोटारीच्या जागेत दोन माणसं बसून असतात. तेवढ्या दोन-तीन मोटारींच्या लांबीत छोटी बस वीस-पंचवीस माणसं नेते.

मात्र गंगावेशकर, क्रम चुकू देऊ नका. आधी दसरा चौकात आणि बिंदू चौकात पार्किंगची पुरेशी, स्वच्छ, उजेडाची सोय, तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह, मग बस, आणि सगळ्यात शेवटी बंदी. उलट्या क्रमानं केलं तर पहिल्याच शुक्रवारी लोक रस्त्यावर उतरतील. कोल्हापूरनं टोल घालवलाय, हे विसरू नका. इथं लादलेलं काही टिकत नाही.

पाचगावकर

शहरवाल्यांचं शहरवाल्यांसाठी चाललंय. महापालिका १९७२ ची, आणि तेव्हापासून हद्द तिथंच आहे. आम्ही हद्दीबाहेर, पण रोजचा दिवस तुमच्या शहरात. दूध आमचं, भाजी आमची, बांधकामावरचे हात आमचे. हद्दवाढीची भांडणं निघाली की पहिलं वाक्य येतं, "त्या गावांची केएमटी बंद करा." केएमटी म्हणजे महापालिकेची बस. आता देवळाभोवती गोल फिरवायला गाड्या लागणार. त्या कुठून काढणार? आमच्याच मार्गावरून. तासाला एक येणारी बस दोन तासांनी येणार आणि पोरी वडापला, म्हणजे खाजगी शेअर गाडीला, लटकत कॉलेजला जाणार. वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावर दार लागत नाही, हे तुम्हाला पेठेत बसून दिसणार नाही.

माझा विरोध बसगाडीला नाही. आधी लांबचं पुरं करा, मग जवळचं.

गंगावेशकर

पाचगावकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. गाड्या तुमच्या मार्गावरून काढायच्या असतील तर मीही विरोध करीन. पण हिशेब मांडून बघू. हा गोल चार-पाच किलोमीटरचा आहे. गर्दी, थांबे, सिग्नल सगळं धरून फेरीला चाळीस मिनिटं धरा. दर दहा मिनिटांनी बस द्यायला चार गाड्या लागतात आणि एक राखीव. पाच गाड्यांचा प्रश्न आहे.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरला शंभर इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत. ही योजना २०२३ ची. बारा मीटरच्या मोठ्या गाड्यांबरोबर नऊ आणि सात मीटरच्या छोट्या गाड्याही तिच्यात बसतात, आणि चालवण्याच्या खर्चाला किलोमीटरमागे दहा वर्षं मदत आहे. शंभरातल्या पाच या गोलासाठी मागायच्या. उरलेल्या पंचाण्णवमधून पाचगाव, वडणगे, उचगाव, शिंगणापूरला वाढीव फेऱ्या मागायच्या, तुम्ही आणि आम्ही मिळून. इलेक्ट्रिक गाडीला धूर नाही आणि आवाज कमी, म्हणजे पेठेतल्या घरांनाही ती सोसवेल.

दहा मिनिटांचा आग्रह का, तेही सांगतो. अर्ध्या तासाला बस असेल तर माणूस घड्याळ बघून निघतो, चुकली की चिडतो आणि पुढच्या महिन्यात दुचाकीचा हप्ता सुरू करतो. दहा मिनिटांनी असेल तर घड्याळ बघायचं कारणच उरत नाही. पुण्यात २०२१ मध्ये पेठांमधून पुण्यदशम नावानं छोट्या बस सुरू केल्या होत्या, १० रुपयांत दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा. आपल्याकडं तसं तिकीट काढलं तर फुलेवाडीच्या ताईंचा दोन तिकिटांचा प्रश्नही सुटायला लागतो.

मंगळवार_पेठेतली

मी लग्न होऊन या पेठेत आले त्याला अठरा वर्षं झाली. आमच्या दारात सुट्टीच्या दिवशी परक्या गाड्या लावलेल्या असतात. मागच्या नवरात्रात सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी उभी आणि मध्ये तीन मोटारी, मालक दर्शनाच्या रांगेत. शेजारच्या तालमीतल्या पोरांनी सासऱ्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. ते वाचले, पण ती पंधरा मिनिटं मी विसरत नाही. मोटारींना बाहेर थांबवा, माझा पूर्ण पाठिंबा. फक्त पेठेत राहणाऱ्यांना आपल्या घरी गाडी न्यायची मुभा असावी.

दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी बंद आहेत. तो तर घाऊक बाजार, लग्नाच्या खरेदीचा. महाद्वारवाले दादा, तिथं आजही खांद्याला खांदा लागतो.

महाद्वारवाला

वहिनी, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या रोडवर लावलेल्या गाड्यांतल्या काही आमच्याच गिऱ्हाइकांच्या असतात, हे मी नाकारत नाही. पण चांदणी चौकाला खालून मेट्रो आहे. आमच्याकडं काय आहे? बस येईल म्हणतात, आणि आम्ही त्या भरवशावर गिऱ्हाईक तोडायचं? माल कधी उतरवायचा, हेही कुणी बोललं नाही.

तीनचाकी

मास्तर आणि गंगावेशकर, माझ्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही. मीच सुचवतो. मोटार बंद करा, रिक्षा बंद करू नका. देवळापासून थोडं लांब, बिंदू चौकात आणि बिनखांबीजवळ, रिक्षा थांबा नीट आखून द्या. म्हातारी माणसं, आजारी, गठ्ठेवाले आमच्याकडं येतील. बस्त्याचं गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून दसरा चौकापर्यंत आम्ही सोडू, ठरलेल्या भाड्यात. धडधाकट माणूस बसनं जाऊ दे. असं असेल तर आमच्या थांब्यावरच्या पोरांशी मी बोलतो. नसेल तर आम्हीही रस्त्यावर आहोत.

फुलेवाडीतून_रोज

तीनचाकी मामा, हे पटलं. आणि पायरीचं विसरू नका कुणी. गंगावेशकरांच्या आईसारख्या बायका मी रोज बघते. साडी सावरत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं दांडा. वाहक घाई करत नाही, उलट थांबतो, हे माझ्या बसमध्ये तरी मी पाहिलंय. पण पायरीच उंच असेल तर तो तरी काय करणार? गाडी मागायची तर बुटक्या पायरीचीच मागा.

गंगावेशकर

तीनचाकी मामांची सूचना मूळ मागणीत घेतो : रिक्षाला बंदी नाही, थांबे आखून द्यायचे. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. पेठेतल्या घरांना गाडीचा पास. हद्दीबाहेरची एकही फेरी कमी करायची नाही. महाद्वारवाला दादा, तुमच्याकडं एक मागणं आहे. कायमचं काही ठरवायच्या आधी एक महिना, आठवड्यातून एकच दिवस करून बघायचं. चालेल का?

महाद्वारवाला

मंगळवार आणि शुक्रवार सोडून. लग्नसराई सोडून. दिवाळीच्या आधीचा महिना सोडून. एवढं मान्य असेल तर बुधवार घ्या. बस दहा मिनिटांनी म्हणालात, मी दुकानाच्या दारात वही घेऊन बसतो आणि शेजारच्या चार दुकानांचं गिऱ्हाईकही लिहून ठेवतो. गेल्या वर्षीच्या त्याच बुधवारांच्या खतावण्या माझ्याकडं आहेत. महिन्यानंतर दोन्ही वह्या इथं मांडतो.