हप्ता, कोयता, नामांतर... शब्दाचा अर्थ नेमका बदलतो कोण?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. दिवाळीला गावी गेलतो (केज तालुका), तिथं घडलेली गोष्ट हाय अन् तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायलाय म्हणून इथं टाकतो. सकाळी ओसरीवर सगळे चहा घेत बसलेलो, चुलतीचा मोबाईल टिंग वाजला, तिनं मेसेज बघितला अन् एकदम वरडलीच, "हप्ता आला!" आमचे दुसरे चुलते वीस-बावीस वर्षं झाली मुंबईला टॅक्सी चालवतेत, ते दचकून म्हणले, "कोण आलाय? अन् आपण कामून द्यायचा?" म्हणजे त्यांना वाटलं दारात कोणी दादा उभा हाय. सगळे हसायलेत तोवर वडील बशीतला चहा फुंकत म्हणतेत, "माझा पाच तारखेला हाय." ते ट्रॅक्टरचं बोलायलेत. अन् आत्याचं पोरगं दिवसभर हिंदी कार्टून बघतंय, त्यानं फायनल निकाल दिला की हफ्ता म्हणजे आठवडा.

ओसरी एक, शब्द एक, अर्थ चार. चुलतीचा लाडकी बहीणचा दीड हजाराचा, चुलत्याचा गुंडाचा, वडिलांचा फायनान्सवाल्याचा अन् पोराचा सात दिवसाचा. कॉलेजात सरांना विचारलं तर म्हणले भाषा प्रवाही असते, बदलतच असते. बरं, असती. पण आमची मांजरा नदी वाहती ती बी उताराकडंच वाहती ना? मग शब्दाला हा उतार कोण करून देतं, सरकार, पेपरवाले, का आपणच? तुमच्याकडचे असे शब्द असतील तर सांगा, पण नुसती यादी नको, ते कसं झालं ते सांगा.

निवृत्त_मास्तर

बालाघाटी, प्रश्न आवडला. मी परभणीकडचा, तीस वर्षं मराठी शिकवली, त्यामुळं थोडं लांबण लागेल.

हप्ता मूळ फारसी. हफ्त म्हणजे सात, त्यावरून हफ्ता म्हणजे सात दिवस. तुमच्या आत्याचं पोरगं बरोबर आहे, हिंदी-उर्दूत तो अर्थ अजून तसाच आहे. मराठीत आपला आठवडा होताच, आठवडी बाजार होता, मग हप्त्याला तसं काम उरलं नसावं (हा माझा अंदाज, शपथेवर सांगत नाही) अन् रिकाम्या माणसाला गावात कोणीतरी कामाला लावतंच. ठरल्या मुदतीला भरायच्या पैशाला तो शब्द चिकटला. पुढं मुदत महिन्याची झाली, सहा महिन्याची झाली, तरी शब्द हप्ताच, त्यातले सात दिवस कधी गळून पडले कोणाला कळलं नाही. आणि ठरल्या मुदतीला द्यायचे पैसे एवढाच अर्थ उरला की मग भाजीवाल्याकडून ठरल्या वारी उकळायचे पैसे तरी वेगळ्या शब्दानं कशाला सांगायचे. प्रत्येक पायरी बघितली तर सरळ आहे, फक्त वरून खाली एकदम बघितलं की चक्कर येते.

व्याकरणात याला नावं आहेत. तेल म्हणजे मुळात तिळाचं. आज आपण सोयाबीनचं तेल म्हणतो आणि कोणाला त्यात तीळ आठवत नाही, हा अर्थविस्तार. मृग म्हणजे मुळात रानातलं कोणतंही जनावर, म्हणून तर सिंह मृगराज, आणि आता फक्त हरीण, हा अर्थसंकोच. आणि घसरला की अर्थापकर्ष. त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'देवानांप्रिय'. सम्राट अशोकाच्या शिलालेखात हे त्याचं बिरुद आहे, देवांचा लाडका. पुढच्या संस्कृतात त्याच शब्दाचा अर्थ झाला मूर्ख. एवढा मोठा सम्राट, पण शब्द त्यालाही आवरून धरता आला नाही. तेव्हा कोण बदलतं याचं माझं उत्तर, सगळे मिळून आणि कोणीच नाही.

ऊसतोडीची_लेक

मास्तर, राग मानू नका पण ते 'सगळे मिळून' मला नाही पटलं. माझा शब्द सांगते. कोयता.

नर्सिंगला पुण्यात हॉस्टेलला होते. पहिल्याच आठवड्यात रूममधल्या पोरीनं विचारलं घरी काय करतेत, मी आपलं सरळ सांगितलं, आमच्या घरातून दोन कोयते जातेत. तिचं तोंड असं झालं की बस. त्या टायमाला पेपरात रोज कोयता गँग कोयता गँग चालू होतं, तिला वाटलं मी कोणत्या घरची. दोन दिवस तिनं बॅगला कुलूप लावून ठेवलं, मग कळल्यावर आम्ही दोघी लई हसलो.

आता जे बीडचे नाहीत त्यांच्यासाठी. आमच्याकडं एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा, विचारतो टोळीत किती कोयते, दहा म्हणलं की वीस माणसं. दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला निघायचं, पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा सीझन संपला की यायचं. उचल म्हणजे आगाऊ पैसे, ती देतेत ती कोयत्याला देतेत, माणसाला नाही. उचल हा शब्द बी बघा, उचलायचं म्हणजे वर घ्यायचं, पण उचल घेतली की माणूस खालीच जातो, ती फिटली नाही तर पुढच्या सीझनला त्याच मुकादमाकडं. अन् एक दिवस काम पडलं तर खाडा, त्याचे पैसे वरून कापणार.

माझ्या आठवीच्या वर्षी बापाचा हात मोडला, प्लास्टर होतं. आईला एकटीला कोण नेणार, एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मग आईनं अन् विधवा मावशीनं जोडी लावली, दोन बाया मिळून एक कोयता. मुकादम दारात बसून चहा प्याला अन् म्हणला, बायाबायांचा पुरा धरत नसतेत. दोघींना मिळून अर्ध्याच्या थोडी वर उचल दिली. मोळ्या तेवढ्याच बांधल्या, तेवढ्याच डोक्यावर नेऊन गाडीत भरल्या. त्याच्या वहीत मी डोकावून बघितलं होतं, आईचं नाव नव्हतंच, बापाचं नाव अन् पुढं आकडा.

तर सांगायचं हे की हा अर्थ सगळ्यांनी मिळून नाही केला. वही ज्याच्या हातात त्यानं केला अन् आम्ही तो बोलायला लागलो. मी स्वतः त्या पोरीला 'दोन कोयते' म्हणलेच की, चार माणसं नाही म्हणले.

रिपीटर_लातूर

वरचं वाचून गप्पच बसलो थोडा वेळ. तरी माझा हलका शब्द टाकतो.

आमच्या लातुरात मेडिकलच्या NEET परीक्षेमुळं 'नीट' हा शब्द आता नीट राहिला नाही. आजोबा फोनवर म्हणले, "पोरा, ह्या टायमाला नीट कर." मी म्हणलं आजोबा दोनदा केली, आता तिसऱ्यांदा करायलोय. अन् दुसरा शब्द माझ्या नावातच हाय. शाळेत रिपीटर म्हणलं की नापास, मागच्या बाकावरचं. लातुरात रिपीटर म्हणजे इज्जत, रिपीटरची बॅच वेगळी, रूमवाला बी विचारतो फ्रेशर का रिपीटर, रिपीटर असला की लवकर देतो कारण गडबड करत नाहीत. आत्या पाहुण्यात सांगती, "आमचा रिपीटर हाय," जसं काय फौजदार हाय. हे बहुतेक क्लासवाल्यांनी केलंय, नापासाला फी कोण भरणार, रिपीटरला भरतेत.

'पॅटर्न'चं बी तेच. लातूर पॅटर्न म्हणजे आधी अभ्यासाची पद्धत, आता कट्ट्यावर कोणी येडंवाकडं वागलं की "लई पॅटर्न हाय भाऊ."

गोदाकाठ_नांदेड

नामांतर शब्दावर मी वाट बघत होतो कोणी बोलेल म्हणून. माझं वय एकसष्ट, त्यामुळं डोळ्यादेखतचं आहे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. त्यानंतर आमच्या भागात दलित वस्त्या जाळल्या, माणसं मारली, त्यात जीव गेलेले पोचीराम कांबळे ह्याच भागातले. पुढची सोळा वर्षं 'नामांतर' हा शब्द गावात मोठ्यानं बोलायचा म्हणजे तू कोणत्या बाजूचा ते सांगण्यासारखं होतं, एसटीत सुद्धा माणसं हळू आवाजात बोलायची. कॉलेजात दोन दोस्त त्या एका शब्दावर कायमचे तुटलेले मी बघितलेत.

शेवटी १४ जानेवारी १९९४ ला झालं, पण नाव झालं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, दोन्ही नावं ठेवून. त्याला सरकारनं शब्द काढला 'नामविस्तार'. म्हणजे अंतर नाही, विस्तार. पडला तो शब्द कागदावर, नामविस्तार दिन म्हणून कार्यक्रम होतात, पत्रिका छापतात. पण ज्यांची माणसं गेली त्यांच्या तोंडून मी आजही नामांतरच ऐकतो, नामांतराचा लढा, नामांतराचे शहीद. नामविस्ताराचा लढा असं म्हणणारा मला तरी भेटलेला नाही. मास्तर, तुमच्या त्या यादीत ह्याला काय नाव आहे मला माहीत नाही, पण सरकारनं दिलेला शब्द घेतलाही आणि नाहीही घेतला असं काहीतरी आहे हे.

आणि आता गंमत म्हणा नाहीतर काय म्हणा. माझ्या नातवाला मी म्हणलं, नामांतराच्या वेळी मी तुझ्या वयाचा होतो. तो म्हणतो, "आजोबा, नामांतर तर २०२३ ला झालं ना?" त्याच्या डोक्यात शहर, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. चूक त्याची नाही, त्यानं तो शब्द तेव्हाच ऐकला. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सोळा वर्षांचा शब्द असा एका पिढीत रिकामा होऊन दुसऱ्या कामाला लागला.

जाता जाता अजून एक. आमचे वडील 'पोलीस ॲक्शन'च्या साली शाळेत घातले म्हणायचे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, निजामाच्या राज्यात फौज घुसली, रणगाडे आले, विमानं आली, आणि नाव काय तर पोलीस ॲक्शन, कारण लढाई म्हणलं असतं तर दोन देशांची झाली असती. आणि निजामासाठी लढणारे ते रझाकार, त्या शब्दाचा तरी मूळ अर्थ काय, आपल्या मर्जीनं काम करणारा, स्वयंसेवक. आमच्या आईपुढं कोणी तो अर्थ सांगितला असता तर तिनं त्याला घराबाहेर काढलं असतं. आजही कोणी जोरजबरी केली की आमच्याकडं "रझाकारी लावलीस का" म्हणतेत, म्हणणाऱ्याला रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी कोण ते माहीत नसलं तरी.

तहसीलसमोर

मी तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहितो, मला शब्दाचं एवढं कळत नाही पण कागद कळतो. कागदावरचा शब्द आधी बदलतो अन् तोंडातला मागून येतो, कधी येतच नाही. चारशेवीस बघा. १ जुलै २०२४ पासून दंडविधान गेलं, न्यायसंहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८. पण कोणी कोणाला "लई तीनशे अठरा माणूस हाय" म्हणलेलं मी ऐकलं नाही. आकडा कायद्यातून गेला अन् शिवी म्हणून राहिला.

अन् सध्या माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त चालणारा शब्द 'नोंद'. आधी नोंद म्हणजे कशाची बी, जन्माची, फेरफाराची, विहिरीची. दोन-अडीच वर्षं झाली, माणूस लांबून येऊन फक्त एवढंच विचारतो, "सापडली का हो?" कशाची ते विचारायचं कामच नाही, मराठा आरक्षणासाठी लागणारी कुणबी नोंद. मोडीतले, उर्दूतले जुने कागद घेऊन येतेत, वाचता कोणालाच येत नाही. मोडी वाचणारा एक म्हातारा आहे आमच्याकडं, दोन वर्षामागं त्याला चहा पण कोणी पाजत नव्हतं, आता नंबर लावावा लागतो. अन् सगेसोयरे हा लग्नपत्रिकेतला शब्द, तो जानेवारी २०२४ मध्ये सरकारी मसुद्यात जाऊन बसला. तेव्हापासून लोक माझ्याकडं त्याची व्याख्या विचारायला यायलेत, सोयरा म्हणजे नक्की कोण ते. ज्याच्या घरी पंगतीत बसतो त्याची व्याख्या मी काय सांगू.

निवृत्त_मास्तर

ऊसतोडीची लेक, बाई, राग कसला. पुस्तकात याला लक्षणा म्हणतात, हत्यार बोलून हत्यार धरणारा सांगायचा. पण तुमच्या मुकादमाची वही पुस्तकात नाही, आणि तीस वर्षात मी वर्गात कोयत्याचं उदाहरण एकदाही दिलं नाही, निम्मा वर्ग दिवाळीनंतर कारखान्यावर जायचा तरी. 'सगळे मिळून' हे मी मागं घेतो.

बालाघाटी

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. कोयता शब्द मी रोज ऐकतो, आमच्या वाडीतनं बी चार टोळ्या जातेत, अन् माझ्या डोक्यातच आलं नाही तो विचारायचा, हप्ता आला फक्त.

एक अपडेट. काल आईला फोन केला तर चुलती बी तिथंच होती, तिला विचारलं की तू त्याला हप्ता कामून म्हणतीस. आमच्या आज्जीला निराधारचे पैसे येतेत, ती त्याला 'पगार' म्हणती, गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या पगार म्हणतेत, बँकेपुढं पगाराची लाईन असती. तर चुलतीला म्हणलं तू बी पगार म्हण की. ती म्हणली, "पगार नको रे बाबा. पगाराच्या माणसाला कवाबी काढून टाकतेत. हप्ता म्हणलं की समोरच्याकडं आपलं देणं निघतंय." मागून आज्जी वरडली, "मला कोण काढतंय बघतेच," अन् मग दोघींचं सुरू झालं, फोन कट.

निवृत्त_मास्तर

पगार पोर्तुगीज आहे, पागार म्हणजे फेडणं, देणं चुकतं करणं. म्हणजे अर्थाच्या हिशोबानं आज्जी बरोबर आहेत. चुलतीला सांगू नका.

ऊसतोडीची_लेक

ते सगळं ठीक हाय, चुलतीची ई-केवायसी झाली का ते विचारा आधी. आमच्या गल्लीत तिघींचा अडकलाय, हप्ता बी नाही अन् पगार बी नाही.