मदत हवी आहे : वनहक्काच्या दाव्याला पुरावा कसा जोडायचा?

नमस्कार मंडळी. आमचा गवळी धनगरांचा वाडा, सातारा जिल्ह्यात, डोंगरात. वनहक्काचा दावा, म्हणजे जंगलातल्या आमच्या राहत्या-चराईच्या जागेवरचा कायदेशीर हक्क मागणारा अर्ज, वरून फेटाळून आलाय. कारण काय, तर १३ डिसेंबर २००५ आधीच्या ७५ वर्षांचा कागद नाही. आता म्हशी राखणाऱ्याला कागद कोण देणार? जुन्या घराचं जोतं आहे, देवाची जागा आहे, आज्याच्या नावाची चराईची एकच पावती, तीही कडेला वाळवीने खाल्लेली. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो ना? तो कुणासमोर, कसा लिहून घ्यायचा? जिल्ह्याच्या वनहक्क समितीकडे ६० दिवसांत अपील करायचंय. जावळी-महाबळेश्वरकडे कुणाचा दावा मंजूर झाला असेल तर नमुना टाका. ग्रामसभेचा ठराव आमच्या बाजूने आहे. वकील झेपणार नाही.