मदत हवी आहे : बाळाचा गंभीर दोष, पत्नीचा रक्तदाब आणि आईने बोललेला नवस

सोलापूरकर_८४
नमस्कार. घटस्थापना १२ दिवसांवर आली आहे, म्हणून उत्तर लवकर मिळाले तर फार उपकार होतील. सोनोग्राफीत आमच्या बाळाच्या छातीत मोठा दोष दिसला असून बाळ वाचेल की नाही हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. पत्नीचा रक्तदाबही वाढलेला आहे. ही बातमी कळली त्याच संध्याकाळी माझ्या आईने तुळजाभवानीला नवस बोलला, की सून नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरील आणि कोजागरीला सोलापुरातून पायी येऊन देवीची ओटी भरील. आता नवस मोडला तर बाळाचे बरेवाईट होईल या भीतीने आईला रात्री झोप लागत नाही. तिचे मन न दुखवता हा उपवास आणि हे चालणे कसे टाळावे, एवढेच मला विचारायचे आहे.

निशिगंधा
कितवा आठवडा चालू आहे? अहवालात दोषाचे नाव काय लिहिले आहे? रक्तदाब किती आहे आणि त्यावर गोळी चालू आहे का? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

सोलापूरकर_८४
२२ आठवडे आणि ४ दिवस झाले आहेत. अहवालात ‘डायफ्रॅग्मॅटिक हर्निया, डावी बाजू’ असे लिहिले आहे. रक्तदाब १५०/९६ होता आणि लॅबेटालॉल दिवसातून दोनदा चालू आहे. परंतु माझा प्रश्न नवसाचा आहे, आजाराचा नाही.

परिचारिका_पुणे
दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून थोडे आजाराबद्दलही ऐका. मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला छिद्र राहिले की आतडी, कधी जठर आणि यकृतही वर छातीत शिरते आणि त्या दाटीत फुप्फुस वाढत नाही. छिद्र शस्त्रक्रियेने शिवता येते. खरी अडचण न वाढलेल्या फुप्फुसाची आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांमधील वाढलेल्या दाबाची असते. यकृत वर आले आहे का आणि फुप्फुसाचा आकार अपेक्षेच्या किती टक्के आहे, हे दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. बाळाच्या हृदयाची स्वतंत्र सोनोग्राफी आणि गर्भजलाची तपासणी झाली आहे का? गर्भ ठेवावा की नाही हा निर्णय सर्वस्वी तुम्हा दोघांचा आहे, पण गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या परवानगीचा मार्ग असतो, हे माहीत असू द्या, म्हणजे तारखेच्या धाकाने घाई होणार नाही.

सदाशिव_मामा
ज्या घरात देवीला नवस बोलला गेला, त्या घरासमोर गर्भपाताचा विषय काढणे मला अजिबात आवडले नाही. माझ्या बहिणीच्या बाळाच्या मूत्रपिंडाला सूज आहे असे सांगून सर्वांना रडवले होते आणि जन्मानंतर काहीही निघाले नाही. यंत्रावर इतका भरवसा ठेवू नये. नवस बोलला आहे तर तो फेडावा. देवी पाठीशी उभी राहते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

परिचारिका_पुणे
मामा, मूत्रपिंडाची सौम्य सूज पुष्कळदा आपोआप उतरते, पण पडद्याचे हे छिद्र आपोआप बुजेल असे धरून चालता येत नाही. या दोन गोष्टी एका मापाने मोजल्या तर यांचे नुकसान होईल. शिवाय १५०/९६ रक्तदाब असलेल्या गरोदर बाईने तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर चालावे, असे मी कधीही म्हणणार नाही.

हिशेबनीस
वैद्यकीय विमा आताच तपासून घ्या. कंपनीच्या सामूहिक विम्यात बाळाला पुष्कळदा पहिल्या दिवसापासून संरक्षण असते, तर वैयक्तिक विम्यात अनेकदा ९० दिवसांनंतर मिळते.

निशिगंधा
विम्याचे नंतर पाहता येईल. आमचे बाळ हृदयाच्या दोषाने सहाव्या दिवशी गेले. त्यानंतर वर्षभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की सोळा सोमवारांपैकी माझा नेमका कोणता सोमवार चुकला. मला कोणी दोष दिला नव्हता, तरीही तो माझ्याच अंगाला चिकटला होता. म्हणून विचारते, या सगळ्यात तुमच्या पत्नीचे काय म्हणणे आहे? आईची भीती तुम्ही सविस्तर लिहिली आहे, तिच्याबद्दल मात्र रक्तदाबापलीकडे एक शब्दही नाही.

सोलापूरकर_८४
हे वाचून मी काल रात्री तिला विचारले. ते मी आधी विचारले नव्हते, हे मान्य करतो. तिला बाळ हवे आहे आणि ती स्वतः आईइतकीच देवीला मानते; बातमी कळल्यापासून रोज झोपताना पोटावर हात ठेवून ती देवीचे नाव घेते. उपवासाला ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून नाही म्हणणार होती. पण उपवास केला नाही आणि बाळ गेले, तर घरातला प्रत्येक माणूस आयुष्यभर माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहील, हे तिचे शब्द आहेत. माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

तुळजापूरवासी
तुमच्या घराण्याचे तुळजापुरात ठरलेले पुजारी असतील. आईंना त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलू द्या, कारण हीच गोष्ट मुलाने सांगितली तर ती पळवाट वाटते. आमच्याकडे गरोदर, आजारी आणि वृद्ध माणसे नऊ दिवसांऐवजी उठता-बसता, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास करतात. तोही झेपत नसेल तर घरातले दुसरे कोणी करते. ओटी तर बाळंतपणानंतर केव्हाही भरता येते. आणखी एक गोष्ट आईंना आठवण करून द्या. येत्या भाद्रपद वद्य अष्टमीला देवी स्वतः पलंगावर निद्रेला जाते आणि घटस्थापनेलाच सिंहासनावर परत येते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत ती पुन्हा निजते. जी देवी श्रमानंतर विश्रांती घेते, ती पोटुशी लेकीला ४५ किलोमीटर चालायला लावणार नाही, असे मला मनापासून वाटते.

सदाशिव_मामा
पुजाऱ्यांना विचारा, हे योग्य आहे. त्यांनी मोकळीक दिली तर माझे काही म्हणणे नाही.

सोलापूरकर_८४
आज आई पुजाऱ्यांशी फोनवर बराच वेळ बोलली. उपवास ती स्वतः करणार आहे. पायी जाण्याचे माझ्याकडे आले आहे, आणि पत्नीच्या हातची ओटी बाळंतपणानंतर भरायची असे ठरले. आईने हे सर्व स्वतः पत्नीजवळ बसून सांगितले, आणि पुढे काहीही झाले तरी नवसाचा शब्द माझा होता, तुझा नव्हता, असेही म्हणाली. तेव्हा दोघी खूप रडल्या.

यकृत वर आलेले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. फुप्फुसाचे माप आणि हृदयाची तपासणी गुरुवारी पुण्यात आहे. बाळंतपण तिथेच करायचे झाले तर शेवटचे काही आठवडे तिथे राहावे लागेल का? आईलाही तपासणीच्या वेळी आत न्यावे का?

परिचारिका_पुणे
नवजात बाळाची शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच बाळंतपण व्हायला हवे, कारण जन्मताच श्वासनलिकेत नळी घालावी लागू शकते आणि तोंडावर मुखवटा लावून हवा दिली तर ती आतड्यांत भरून फुप्फुस आणखी दबते. शस्त्रक्रिया त्याच तासाला होत नाही, आधी बाळाला स्थिर करतात. हे आईंना आताच सांगून ठेवा, नाहीतर डॉक्टर हयगय करत आहेत असे त्यांना वाटेल. रुग्णालयाजवळ ३६ व्या आठवड्यापासून खोली घ्या, रक्तदाब चढत राहिला तर त्याआधीही. गुरुवारी आईंना आत नेऊ देतील का ते विचारा, आणि परवानगी मिळाली तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचे हृदय त्यांना दाखवायला सांगा.