मदत हवी आहे : डस्टरच्या मूळ रिमवर २१५/७० आर १६ टायर बसवावेत का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे रेनो डस्टर आहे. ११० पीएसचे डिझेल इंजिन, सहा गिअर आणि फक्त पुढच्या चाकांना ड्राइव्ह. तिचे २१५/६५ आर १६ मापाचे (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १६ इंची) टायर झिजून खोबणीतल्या खुणेला टेकले आहेत, त्यामुळे नवे घेणे भागच आहे. घ्यायचेच आहेत, तर एक पायरी मोठे घ्यावेत का, हा माझा प्रश्न आहे. रिम मात्र कंपनीचेच, ६.५ जे (साडेसहा इंच) रुंदीचे ठेवायचे आहेत. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) किंवा गाडी उंच करण्याचे किट यांपैकी काहीही मला नको.

हा विचार हौसेपोटी केलेला नाही. आमचे शेत गगनबावडा तालुक्यात, साळवणच्या पुढे आहे. कोल्हापूरहून कळ्यामार्गे जाणाऱ्या डांबरी रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण आहे ती शेवटच्या कच्च्या वाटेची. ऊसतोडणीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या गेल्या की तिथे दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला जांभ्याचा उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. गाडीची जमिनीपासूनची उंची कागदावर २०५ मिलिमीटर असली, तरी माणसे बसली आणि मागे खताची पोती पडली की ती तेवढी राहत नाही.

मी मांडलेला हिशेब असा आहे. सध्याच्या टायरचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर आहे. २१५/७० घेतल्यास तो ७०७ होतो, म्हणजे साधारण ३.१ टक्के वाढतो. २२५/७० घेतल्यास ७२१, म्हणजे ५.२ टक्के. गाडी उचलली जाईल ती या वाढीच्या निम्मी, म्हणजे पहिल्या मापात जेमतेम ११ आणि दुसऱ्या मापात १८ मिलिमीटर. शाहूपुरीतल्या एका टायरवाल्याने "बिनधास्त २२५ टाका, काही होत नाही" असा सल्ला दिला. परंतु स्टेअरिंग पूर्ण वळवून मी हात घालून पाहिले, तेव्हा पुढच्या शॉकॉबवरची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरची) स्प्रिंगची वाटी आणि टायरचा खांदा यांच्यामध्ये माझा अंगठा कसाबसा गेला. शिवाय चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन आधीच सुस्त असते, तिथे मोठ्या टायरमुळे गाडी आणखी मंद होईल का, अशीही शंका आहे. ज्यांनी मूळ रिमवर असा बदल करून घाटात गाडी चालवली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. विम्याच्या बाजूनेही काही माहिती असल्यास द्यावी.

प्रतिसाद १

आपण अंगठा घालून पाहिलात, त्यातच निम्मे उत्तर आले आहे. ६.५ जे रिमवर २१५ आणि २२५ ही दोन्ही मापे नियमाने बसतात. तेव्हा अडचण रिमची नसून भोवतालच्या जागेची आहे. अंगठ्याची जाडी दोन सेंटिमीटर धरली, तर २१५/७० नंतर वाटीखाली नऊ-दहा मिलिमीटर उरतील आणि २२५/७० नंतर फक्त दोन. ही वाटी चाकाबरोबरच वरखाली होते, त्यामुळे खड्ड्यात ती फट कमी होत नाही. तरीही दोन मिलिमीटरवर भरवसा ठेवता येत नाही, कारण तेवढ्यात चिखलाचा एक गोळा किंवा खडा अडकला तरी टायरची बाजू सोलून निघेल. म्हणून २२५ चा विषय मी इथेच संपवेन.

मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरचे मात्र वेगळे आहे. तिथली जागा शॉकॉब दबला की कमी होते, म्हणून ती मोकळ्या गाडीवर मोजण्यात अर्थ नाही. टायरच्या खांद्यावर ओला खडू फासा, माणसे बसवा, पुढचे एक चाक उंचवट्यावर चढवून स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा आणि लायनरवर पांढरे उमटते का ते पाहा. मागच्या चाकांनाही भार टाकून तेच करावे.

गिअरची आपली शंका रास्त आहे. व्यास तीन टक्के वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, आणि करूळ घाटात भरलेल्या गाडीला ते जाणवेलच; दुसऱ्याऐवजी पहिला गिअर थोडा लवकर टाकावा लागेल, एवढेच. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग साडेब्याऐंशी असेल. ओडोमीटरही कमी मोजेल, त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसेल. त्यावरून टायरला लगेच दोष देऊ नये.

टायर घेताना मापाच्या पुढचा आकडा, म्हणजे भारांक, वाचावा. आपल्या मूळ टायरवर ९८ असेल, म्हणजे एका टायरला ७५० किलो भार चालतो. २१५/७० मध्ये सहसा १०० मिळतो, म्हणजे ८०० किलो. त्याहून कमी आकड्याचा टायर स्वस्त पडला तरी घेऊ नये. विम्याबद्दल सांगायचे, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात बदल करण्यावर बंधने आहेत. म्हणून आपल्या विमा कंपनीला आधी लेखी विचारून त्यांचे उत्तर जपून ठेवावे, दाव्याच्या वेळी तोंडी आश्वासनाला किंमत नसते.

प्रतिसाद २

माझे मत थोडे वेगळे आहे. अकरा मिलिमीटरने चाकोरीतला उंचवटा टळेलच असे नाही. त्यापेक्षा मूळ मापातच, जाड बाजूचा ऑल टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांसाठीचा) टायर घेऊन एक चाक चाकोरीबाहेर, उंचवट्यावर ठेवून चालवणे अधिक उपयोगी पडते. मात्र अशा टायरचा आवाज डांबरावर वाढतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतरही काहीसे लांबते, हे धरून चालावे. मोठेच घ्यायचे झाल्यास स्टेपनीसह पाच घ्या. वेगळ्या व्यासाची स्टेपनी पुढे लावून घाट उतरणे डिफरन्शियललाही (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागालाही) बरे नाही आणि एबीएसलाही (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेलाही).

धागालेखक

दोघांचेही आभार. २२५ चा विचार सोडला आहे. उंचवट्यावर चाक ठेवून जाण्याचा सल्ला पटतो, पण आमच्या वाटेला एका अंगाला ओढा आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा बांध असल्याने चाकोरी सोडायला जागा नाही. म्हणून ते अकरा मिलिमीटर मला हवेच आहेत. विमा कंपनीला मेल पाठवली आहे. दुसऱ्या एका दुकानदाराने १०० भारांकाचा २१५/७० चा एक टायर पुढच्या चाकावर चढवून दाखवण्याची तयारी दर्शवली आहे. कंपनीचे लेखी उत्तर आले आणि खडूची खूण लायनरवर उमटली नाही, तर स्टेपनीसह उरलेले चार सांगेन.