फायबरमधला बिघडलेला सिग्नल: दुरुस्ती प्रकाशातच करावी का?

टिळकवाडीकर: भाची बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय, फायबरमध्ये बिघडलेला सिग्नल मशीन लर्निंगने सरळ करायचा. गाईड म्हणतात, सॉफ्टवेअरवरच थांब. तिला फोटॉनिक चिपचं, म्हणजे विजेऐवजी प्रकाशाने गणित करणाऱ्या चिपचं, सिम्युलेशनही करायचंय, आणि मी तिच्या बाजूचा. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल घट होते, म्हणजे १०० किमीवर शंभरातला एक भाग उरतो. ती घट ॲम्प्लिफायर भरून काढतो. पण पल्स पसरून एकमेकांत घुसतात, ते तो कसं सोडवणार? पॉवर वाढवावी तर केर परिणामाने, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेमुळे, काचेचा अपवर्तनांकच बदलतो आणि सिग्नल आणखी बिघडतो. आज हे सगळं रिसीव्हरमधली डीएसपी चिप (सिग्नलवर डिजिटल आकडेमोड करणारी) निस्तरते, भरपूर वीज खाऊन. २०२१ मध्ये १०,०८० किमीच्या पॅसिफिकपारच्या लिंकसाठी सिलिकॉन फोटॉनिक चिपवर न्यूरल नेटवर्क (मशीन लर्निंगचाच एक प्रकार) चालवून पाहिलंय. पोरीने हे आत्ताच का शिकू नये?

खानापूरकर: काका, मी स्प्लायसिंग करतो, तुटलेलं फायबर जोडतो. आमच्याकडे सिग्नल बिघडत नाही, तुटतो. गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे जेसीबीने केबल ओढली. ताडपत्रीखाली बसलो, हात ओले, क्लीव्हरने (फायबर कापायच्या हत्याराने) कापलेलं टोक स्क्रीनवर तिरकंच दिसायचं. चौथ्यांदा कापल्यावर जमलं. तोवर गावात फोन बंद. त्या मुलीला ओटीडीआरचे (फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष कुठे ते दाखवणाऱ्या यंत्राचे) ट्रेस वाचणारं मॉडेल करायला सांगा की! वाकलेली, दबलेली केबल तुटायच्या आधी कळली तर आमची रात्र वाचेल.

टिळकवाडीकर: तुटलेल्या काचेला कुठलीच चिप जोडणार नाही, ते मान्य. पण म्हणून दुसरा प्रश्न सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

निपाणीचा: मी सिग्नल ट्रान्समिशनमध्ये आहे, गाईडचं बरोबर वाटतं. डिस्पर्शन, म्हणजे पल्सचं ते पसरणं, ठरलेल्या गणिताने होतं, त्याला साधा फिल्टर पुरतो. न्यूरल नेटवर्कचा उपयोग केर परिणामाशी गाठ पडते तिथे, म्हणजे मुख्यतः लांबच्या लिंकवर. प्रकाशात गुणाकार-बेरीज झटक्यात होते, पण तापमान जरा हललं की मायक्रोरिंगची (चिपवरच्या, ठरावीक तरंगलांबी पकडणाऱ्या बारीक कडीची) तरंगलांबी सरकते. मग ती धरून ठेवायला हीटर लावा, म्हणजे वाचवलेली वीज तिकडे गेली. हा हिशोब तिने प्रोजेक्टमध्ये मांडला तरच चिपला हात घालावा.

टिळकवाडीकर: हीटरची वीज धरून हिशोब. हे आजच तिच्या कानावर घालतो.

खानापूरकर: आणि रविवारी तिला घेऊन खानापूरला या काका. स्प्लायसिंगचं मशीन बाहेर काढून ठेवतो, एक टोक तिने स्वतः जोडावं.