'मी ठीक नाही' हे मालिका बघून शिकायचं का?

मागवाला : लहान बहिणीच्या नादानं 'इट्स ओके टू नॉट बी ओके' (म्हणजे ठीक नसलं तरी चालतंय) ही 2020 ची कोरियन मालिका बघितली. 16 भाग, रोज रात्री एक. नायक मनोरुग्णालयात रुग्ण सांभाळतो आणि घरी स्वमग्न (ऑटिझम असलेला) मोठा भाऊ. सगळ्यांचं करतो, वर हसतमुख. ते हसू बघून मला वडील आठवले. दोन माग भंगारात घातले त्या दिवशी ते असंच हसत टेम्पोवाल्याला चहा पाजत होते. आपल्याकडं कुणी 'कसं काय' विचारलं की 'निवांत' म्हणायचं, विषय संपला. असल्या मालिका, गाणी घराघरात बघितली पाहिजेत असं माझं मत आहे.

पार्क चौक : साफ नापसंत. आमची आजी विड्या वळायची. हजार पुऱ्या झाल्याशिवाय सूप खाली ठेवायची नाही. तिला कुणी म्हणालं असतं की ठीक नसलीस तरी चालतंय, तर तिनं विचारलं असतं, मग विड्या कोण वळणार बे? तुकोबा सांगून गेलेत, 'मन करा रे प्रसन्न'. तेवढं पुरतं आम्हाला.

तिसरी घंटा : त्याच तुकोबांचं 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन' पण आहे. सोयीचा अभंग उचलू नका. आणि त्यासाठी कोरियाला कशाला जायचं? 2004 चा 'देवराई' सिनेमा बघा. आपल्या सोलापूरच्या हरिभाई देवकरण शाळेत शिकलेल्या अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेला माणूस उभा केलाय. मला मात्र त्यातली बहीणच जास्त लक्षात राहिली. भावाचं करायचं की स्वतःचा संसार बघायचा, यात पिळून निघते बिचारी.

कडक भाकरी : मुळात 'मी ठीक नाही' असं आपण बोलतच नाही. 'बरं वाटेना' म्हटलं की लगेच कपाळाला हात लावून ताप बघतात. मनाचं असलं की आपण 'करमेना' म्हणतो. मी एकदा म्हणाले तर मावशीनं काही न विचारता गड्ड्याच्या जत्रेत नेलं, भजी खायला घातली. दोन तास बरं गेलं. मावशीचं चुकलं असं अजूनही वाटत नाही. पण घरी आल्यावर परत तेच.

पार्क चौक : बघा, मावशीच कामाला आली. गाणं नाही.

मागवाला : 'परत तेच' वाचायचं राहिलं वाटतं.

वॉर्ड नंबर चार : मी दवाखान्यात काम करते, तरी निम्मी पार्क चौकच्या बाजूची आहे. डेमी लोव्हाटो आणि मार्शमेलोचं 'ओके नॉट टू बी ओके' हे इंग्रजी गाणं 10 सप्टेंबर 2020 ला, आत्महत्या प्रतिबंध दिनालाच आलं. हेतू चांगला. पण मुलं ते स्टेटसला ठेवतात आणि जणू उपचार झाले असं समजून गप्प बसतात. 'कासव' हा मराठी सिनेमा मला त्यापेक्षा खरा वाटला (2017 चं सुवर्णकमळ त्यालाच). जीव द्यायला निघालेल्या पोराला त्यात कुणी 'बोल, बोल' करत नाही. राहायला जागा देतात, जेवायला घालतात, वाट बघतात. नंबर मात्र देऊन ठेवते : टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, 14416. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री-बेरात्रीही लागतो.

पार्क चौक : हे पटलं. नंबर कामाचा. पण मागवाल्या, एक सांग, वडिलांना दाखवलीस का ती मालिका?

मागवाला : पहिला भाग लावला. खाली अक्षरं वाचत कोण बसणार, म्हणून उठले. दारातनंच म्हणाले, 'तो पोरगा झोपतो कधी?' मी विचारलं, तुम्ही झोपता का? तर म्हणाले, माग बंद झाल्यापासून आवाज नाही, झोप कशी लागणार.

पार्क चौक : हं.

पार्क चौक : 'देवराई' बघतो रविवारी. गाणी नको.