अनुभव धागा : इमारत बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

गॉथिक, आर्ट डेको, आर्ट नूवो ही नावं पाठ होतात, पण त्यापुढे नजर अडते. ज्यांचा दगड, चुना, माती, लोखंड यांच्याशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं. भव्य दगडी इमारतींपासून माती-पेंढ्याच्या घरांपर्यंत सगळं चालेल. ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ एवढंच नको. काय बघायचं आणि काय बिघडतं ते हवं.

कमानदार

पहिला प्रश्न एकच: पावसाचं पाणी कुठून जातं? शैली नंतर ओळखा.

भिंतीच्या माथ्यावर बाहेर आलेली दगडी पट्टी, म्हणजे कॉर्निस, शोभेपेक्षा पाणी भिंतीपासून लांब टाकायला असते. तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून २-२.५ सेंमी आत, साधारण १ सेंमी रुंदीची खाच कोरलेली असते. थेंब तिथे अडतो आणि खाली पडतो. रंगाच्या थरांनी किंवा गिलाव्याने ही खाच बुजली की पाणी तळाला चिकटून आत सरकतं आणि भिंतीवर काळे ओघळ येतात. ओघळ दिसला की मान वर करा, कारण बहुधा तिथेच सापडतं.

गारगॉयलचंही, म्हणजे छताचं पाणी भिंतीपासून लांब फेकणाऱ्या कोरीव दगडी आकृत्यांचंही, तेच. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे सर्वाधिक फोटो निघतात ते गच्चीच्या कठड्यावरच्या राक्षसांचे. ते १९व्या शतकातल्या दुरुस्तीत वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने बसवले. त्यांतून थेंबही वाहत नाही. खरे गारगॉयल भिंतीतून आडवे बाहेर येतात आणि त्यांच्या पाठीवर पन्हळ असते. मान लांब, कारण पाणी पायाजवळ पडता कामा नये.

दगडाचे थरही बघा. वाळूचा दगड किंवा चुनखडी खाणीत जशी आडवी होती तशीच भिंतीत बसवतात. थर उभे आणि दर्शनी बाजूला समांतर ठेवले तर पापुद्रे सुटतात.

चुनखडी

@कमानदार, थरांचा नियम कॉर्निसला लागू नाही. बाहेर आलेल्या दगडाचे थर आडवे ठेवले तर खालचा पापुद्रा गळून पडतो आणि तुम्ही सांगितलेली खाचही त्याच्याबरोबर जाते. म्हणून तिथे थर उभे, पण दर्शनी बाजूला काटकोनात ठेवतात, म्हणजे शेजारचे दगड त्यांना दाबून धरतात. कमानीत थर दाबाच्या दिशेला काटकोनात, त्यामुळे प्रत्येक दगडागणिक त्यांचा कल बदलतो.

दरजांवर, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांवर, लक्ष ठेवा. मऊ दगडाच्या भिंतीत जुन्या चुन्याच्या जागी सिमेंट भरलं की ओल दरजेतून बाहेर पडत नाही, दगडातून पडते. मग दरज शाबूत आणि दगड खड्ड्यात, असं उलटं चित्र दिसतं. हे दिसलं की दुरुस्तीच चुकली आहे.

जिनाबाज

सजावटीत डोकं किती असतं याचा माझ्या मते सर्वोत्तम नमुना म्हणजे बार्सिलोनाचा कासा बातिओ. वास्तुविशारद गौदीने १९०४-०६मध्ये जुन्या घराचं हे रूपांतर केलं. मधल्या चौकाच्या भिंतींवरच्या टाइल वर गडद निळ्या आणि खाली येतील तशा फिकट होत जातात. खिडक्या वर लहान, खाली मोठ्या. वर उजेड भरपूर, खाली कमी, म्हणून हे गणित. बहुतेक लोक रंगाचा फोटो काढतात आणि खिडक्या मोजायच्या राहतात.

मातीगोळा

आता मातीकडे. कॉबचं घर, म्हणजे माती, वाळू आणि पेंढा तुडवून हाताने थापलेली भिंत. मिश्रणात चिकणमाती साधारण १५-२५ टक्के हवी. बरणीत एक-तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, गाळ तासा-दोन तासांत, चिकणमातीला दिवस लागतो. थर पट्टीने मोजा. अंदाज कच्चाच असतो, म्हणून नमुन्याच्या दोन-चार विटा वाळवून बघाव्यात: भेगा पडल्या तर वाळू वाढवा, हाताने भुगा झाला तर चिकणमाती.

एका दमात अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उंची चढवू नका, खालचा भाग फुगतो. दगडी जोतं ४५ सेंमी आणि वळचण ६० सेंमी तरी हवी. यात काटकसर केलेलं घर बाहेरूनच ओळखू येतं.

सगळ्यात मोठं नुकसान सिमेंटचा गिलावा करतो. त्याला केसाएवढी भेग पडते, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. जोत्यालगत बोटांनी ठोकून बघा: पोकळ आवाज आला तर आतली माती गिलाव्यापासून सुटली आहे. पेंढ्याच्या गासड्यांच्या घरातही गिलावा चुन्याचा किंवा मातीचाच. गासडीतली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजायला सुरुवात होते, म्हणून खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत ओलमापकाची सळई आधी घाला.

लोहारकी

जहाजी मालाच्या पोलादी कंटेनरपासून केलेल्या घरांचं कौतुक जरा जपून. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो आणि नागमोडी पत्रा ताठपणा देतो. मोठ्या खिडकीसाठी पत्रा कापला की भोवती पोलादी चौकट जोडावीच लागते. आतली रुंदी २.३५ मीटर, दोन्ही बाजूंना १० सेंमी उष्णतारोधक अस्तर केलं की २.१५ उरते. शक्य असेल तर अस्तर बाहेरून करा. नाहीतर थंड पत्र्यावर आतली वाफ थिजते आणि अस्तरामागे गंज धरतो.

जिओडेसिक, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीचे, घुमट? दिसायला देखणे, पण त्रिकोणांचे सांधे इतके की गळती शोधता शोधता नाकी नऊ येतात.

चुनखडी

एक साधी गोष्ट राहिली: विटांच्या भिंतीची रॅट-ट्रॅप बांधणी, जी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात भरपूर वापरली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या, त्यामुळे प्रत्येक थर सुमारे ११ सेंमी उंच दिसतो. २३ सेंमीच्या भिंतीत ८ सेंमीची पोकळी राहते, विटा साधारण पाव भागाने कमी लागतात आणि उष्णता कमी शिरते. सर्वांत खालचा व वरचा थर आणि दारा-खिडक्यांच्या कडा मात्र भरीव बांधायच्या. बिघडतं ते विटा जोडायच्या मसाल्यामुळे: गवंडी थापी झटकतो, मसाला पोकळीत पडून साचतो आणि ओल बाहेरून आत यायला पूल मिळतो. थर लावताना पोकळीवर फळी आडवी ठेवावी. वायरींच्या नळ्याही बांधतानाच पोकळीत सोडाव्यात. नंतर भिंतीला खाच मारली तर तिथे जेमतेम ७ सेंमी वीट असते, तीही फुटते.